पाय कुठे टेकलेत ते पाहा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छायाचित्र होतं. कुणाच्या तरी स्मरणार्थ काढलेल्या निधीतून एका मुलाला व्हीलचेअर दिल्याचं. खाली चार ओळींची बातमी, त्यातल्या तीन उपस्थितांच्या नावांनी भरलेल्या. मी छायाचित्रातली माणसं मोजली. मोजायची सवयच आहे, चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात गेली. मोठी माणसं अकरा. मूल एक, सहा-सात वर्षांचं. अकराही जण कॅमेऱ्याकडे बघत होते, मूल भलतीकडेच. आणि त्याचे पाय लोंबकळत होते. फूटरेस्ट चांगला वीतभर खाली राहिला होता.

बहुतेक वाचकांच्या ते ध्यानात आलं नसेल. मला आधी तेवढंच दिसलं, हारतुरे नंतर. पत्र लांबणार आहे, हे आताच सांगून ठेवतो. कात्री लावायचा हक्क आपला आहेच, फक्त पायांचा भाग कापू नका.

माझा भाचा, ताईचा मुलगा, सेरेब्रल पाल्सीचा होता, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेला. या मुलांची हालचालींच्या क्षमतेवरून पाच पातळ्यांत विभागणी करतात. ही पद्धत १९९७ साली प्रसिद्ध झाली, फिजिओथेरपिस्ट मंडळी तिला आद्याक्षरांनी जीएमएफसीएस म्हणतात. पहिल्या पातळीचं मूल चालतं, जिना चढतं. पाचव्या पातळीच्या मुलाला स्वतःची मान तोलणंही जड जातं. भाचा पाचव्या पातळीचा. चौदाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. त्याबद्दल इथे एवढंच.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ताईला सांगितलं होतं की मेंदूतली इजा वाढत नाही. ताईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. वाक्य खरंही आहे, झालेली इजा तेवढीच राहते. पण मूल वाढतं. हाडं लांब होत जातात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाहीत. मग टाच वर ओढली जाते, गुडघा पुरता सरळ होईनासा होतो, मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून सरकायला लागतं, पाठीचा कणा एका अंगाला झुकतो. मागच्या वर्षी नीट बसणारा स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारा आधार, या वर्षी घोट्यावर लाल वळ उठवतो. आम्ही ज्यांना मदत करतो ती मुलं वाढतात, हे सात शब्दांचं सत्य देणगीदारांना समजावता समजावता माझी दमछाक होते. सगळे मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "या वर्षी किती खुर्च्या वाटल्या?"

भाच्याला बोलता येत नसे. मांडीवरच्या ट्रेला चित्रांचा तक्ता चिकटवलेला असायचा, चोवीस चौकटींचा. बोट नेमकं लागत नसे, म्हणून तो मूठ सरकवत न्यायचा. आपण विचारायचं, "हे?" त्याने डोळे वर केले की हो. या तक्त्यातल्या एका चौकटीवरचं लॅमिनेशन घासून पार पांढरं झालं होतं. पाण्याच्या चित्रावरचं नव्हे, आईच्याही नव्हे. 'नको'च्या. खरं तर ताईने पहिल्या तक्त्यात 'नको' ठेवलंच नव्हतं. मुलाला काय हवं असेल याचाच विचार करून तिने चौकटी भरल्या होत्या. थेरपिस्टबाईंनी ते हट्टाने घालायला लावलं. मागता येण्याइतकंच नाकारता येणंही लागतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या आठवड्यात त्याने घर नको-नकोने दणाणून सोडलं. आंघोळ नको, स्वेटर नको, व्यायाम नको, मामा नको. 'मामा नको' विशेष आनंदाने, हसू गालावरून सांडत असताना.

जरा विषयांतर करतो. चार्ल्स ब्लिस नावाच्या गृहस्थाने १९४९ साली एक चिन्हलिपी जगापुढे मांडली. वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांचं कळावं, भांडणं मिटावीत, हा त्याचा हेतू. जगाने तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७१ पासून टोरांटोमध्ये ती भलत्याच ठिकाणी कामाला आली, बोलता न येणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या मांडीवर. ब्लिसला आधी आनंद झाला. पण मुलांच्या सोयीसाठी शिक्षकांनी चिन्हांचा वापर थोडा वेगळा करायला सुरुवात केली तेव्हा ते त्याला खपलं नाही, आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. थेरपिस्टबाईंनी ही हकिगत मला सांगितली तेव्हा मी त्या माणसाला हसलो होतो. पुढे माझीच पाळी आली.

भाचा गेल्यावर सहा महिन्यांनी आम्ही निधी काढला. ताई, दाजी, थेरपिस्टबाई आणि हिशेबाला मी. रीतसर नोंदणी, बँकेत खातं, पावतीपुस्तक. पहिली खुर्ची नऊ वर्षांच्या एका मुलीला गेली. त्या खुर्चीच्या पाठीला लावायला मी हौसेने एक पितळी पट्टी करून घेतली होती. भाच्याचं नाव, जन्माची तारीख, गेल्याची तारीख, खाली 'स्मरणार्थ'. चार स्क्रू मी स्वतः पिळले. छायाचित्रही काढलं. त्यात माझा हात खुर्चीच्या दांड्यावर आहे, म्हणजे त्या अकरा जणांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही.

दोन महिन्यांनी खुर्ची कशी चालली आहे ते बघायला गेलो. पाठीवर पट्टी नव्हती. चार भोकं होती आणि त्यांत पांढरा साबण भरून ती बुजवली होती. मुलीच्या आईने कपाटातून रुमालात गुंडाळलेली पट्टी काढून माझ्या हातात दिली. चांगली पुसून ठेवली होती. म्हणाली, "दादा, राग मानू नका. रोज ढकलताना डोळ्यांसमोर तेच येतं. दोन्ही तारखा. माझी मुलगी आहे अजून."

मला राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. परत येताना सगळ्या वाटेत मी मनात उत्तरं जुळवत होतो. आपण एवढं दिलं, एक नाव सोसवत नाही? ताईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती रडेल. तिने पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "नको म्हणाली ना ती? मग नको."

तेव्हापासून आमच्या निधीच्या अर्जातला पहिला प्रश्न आहे, 'तुम्हाला काय नको आहे?' काय हवं, हा दुसरा. सुरुवातीला लोक गोंधळतात, रकाना कोरा सोडतात. मग थेरपिस्टबाई शेजारी बसून पुन्हा विचारतात, आणि उत्तरं सुटायला लागतात. फोटो नको, हे सर्वांत जास्त वेळा. मुलाच्या वर्गात कळायला नको. कुणाचे वापरलेले कपडे नकोत. हिरवा रंग नको. एका वडिलांनी लिहिलं, 'सल्ला नको', आणि खाली रेघ मारली. तेरा वर्षांच्या एका मुलाने स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं की खुर्चीला मागचे दांडे नकोत, लोक न विचारता ढकलतात. आई म्हणत होती दांडे हवेत, पायऱ्यांवर मला लागतात. दोघांची जुंपली. शेवटी काढता-घालता येणारे दांडे घेतले. आईच्या पिशवीत असतात ते. ती कबूल करते की महिना महिना बाहेर निघत नाहीत.

आता पायांविषयी. व्हीलचेअर बुटासारखी मापाने घ्यायची असते. बैठकीची खोली एवढी हवी की मूल पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन बोटं जावीत. बैठक त्याहून खोल असली की गुडघे मुडपायला मूल पुढे घसरतं, कंबर मागे कलंडते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. तिथली कातडी दबून दबून जखम होते. ज्या मुलाला त्या जागी नीट जाणवत नाही ते तक्रारसुद्धा करत नाही. रुंदी जास्त झाली तर मूल एका कुशीवर रेलतं, कणा तसाच वळत जातो. आणि पायांखाली आधार नसला की मांड्यांवर ओढ येते, मूल सारखं घसरतं, हातांनी काही करायचं म्हटलं तरी तोल सावरण्यातच सगळी शक्ती जाते. खुर्चीत बसून मूल जेवणार, लिहिणार, कुणाला चिमटा काढणार, ते पाय टेकलेले असतील तर. आपण स्वतः उंच स्टुलावर पाय लोंबते ठेवून चार ओळी लिहून बघाव्यात.

'वाढत्या अंगाचं आहे, थोडी मोठीच घ्या, चार वर्षं पुरेल', हे मी किती वेळा ऐकलं आहे. गणवेशाला ते चालतं. बाही दुमडता येते. कणा दुमडून ठेवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर पुरवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत कामाचे आठ टप्पे सांगितले आहेत. आधी गरजूला योग्य जागी पाठवणं, मग तपासणी, मग कोणती खुर्ची ते ठरवणं. पैशाची सोय आणि मागणी नोंदवणं हा चौथा. त्यानंतर खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, मुलाला आणि घरच्यांना वापरायला शिकवणं, आणि आठवा टप्पा दुरुस्ती-देखभाल आणि पुन्हा पुन्हा भेट. आम्ही निधीवाले, देणगीदार, वर्तमानपत्रं, सगळे त्या चौथ्या पायरीवर गर्दी करून उभे असतो. हार तिथेच, भाषण तिथेच. आधीच्या तीन कुणी केल्या का, पुढच्या चार कोण करणार, ते विचारायला कुणी नसतं.

आमच्या खतावणीत सगळ्यांत जास्त ओळी आठव्या टप्प्याच्या आहेत, आणि प्रत्येक ओळ इतकी क्षुल्लक की तिच्यासाठी कुणी समारंभ करणार नाही. पुढच्या छोट्या चाकाचं बेअरिंग. ट्यूब. ब्रेकची सैल झालेली कळ. बसून बसून दबलेला कुशनचा फोम. वेल्क्रोच्या पट्ट्या तर विचारूच नका. छातीचा पट्टा वेल्क्रोचा असला की त्याच्या आकड्यांत धागे, केस, लोकर अडकत जाते, आणि काही महिन्यांत तो चिकटायचा बंद होतो. मूल पुढे कलंडतं आणि घरचे म्हणतात खुर्ची बिघडली. जुन्या टूथब्रशने तो खरवडून साफ केला की निम्म्या वेळा काम भागतं. उरलेल्या निम्म्या वेळा नवी पट्टी शिवावी लागते. हे मला एका सायकल-दुरुस्तीवाल्याने शिकवलं. आमच्या बहुतेक खुर्च्या तोच जिवंत ठेवतो. त्याच्यासाठी एकदाही हार आणलेला नाही, याची आता लिहिताना लाज वाटते.

कानाच्या यंत्राची गोष्ट वेगळी वाटेल, पण जात तीच. यंत्र कानामागे बसतं आणि आवाज कानात पोचवायला प्रत्येक कानाच्या मापाचा मऊ साचा लागतो. तान्ह्या मुलाचा कान इतक्या भराभर वाढतो की साचा काही महिन्यांतच सैल होतो. सैल साच्यातून आवाज बाहेर झिरपतो, पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते. घरचे काय करतात? आवाज कमी करतात, नाही तर यंत्र काढून डबीत ठेवतात. म्हणजे देणगीची पाटी शाबूत, छायाचित्र शाबूत, आणि ज्या वयात भाषा कानावर पडायला हवी त्या वयात मूल शांततेत. या यंत्राच्या झिंक-एअर बॅटरीवर एक छोटा स्टिकर असतो. तो काढला की हवा आत जाऊन बॅटरी चालू होते. स्टिकर परत लावला तरी ती थांबत नाही, यंत्र वापरा की नका वापरू, ती संपत जाते. आमच्याकडच्या एका आजीने महिन्याच्या सगळ्या बॅटऱ्यांचे स्टिकर एकदम काढून ठेवले होते, नातीला पटकन घालता याव्यात म्हणून. सगळ्या वाया गेल्या. चूक आजीची नाही. यंत्र देताना कुणी अर्धा तास बसून सांगितलं असतं तर कळलं असतं. पण अर्ध्या तासाची देणगी कोण देतं?

आता पैशाचं, कारण माझा खरा विषय तो. काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दिली. अट एकच, 'फक्त नव्या खुर्च्यांसाठी'. ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामाला ते लावायचे, हा विश्वस्ताचा पहिला धर्म. तो मोडायचा नाही. पण त्या वर्षी नव्या खुर्चीची गरज दोनच मुलांना होती, कारण जुन्या, लहान झालेल्या खुर्च्या लोक आमच्याकडे परत आणून देतात आणि आम्ही त्या धुऊन, कुशन नवं घालून, पुढच्या मुलाच्या मापाला बसवून देतो. आमची सात नंबरची खुर्ची आतापर्यंत तीन मुलांनी वापरली आहे. तर ती रक्कम खात्यात पडून राहिली आणि स्प्लिंटचे पैसे मात्र वर्षाच्या दहाव्या महिन्यातच संपले. एका मुलाला आम्ही 'दोन महिने थांब' असं सांगितलं. त्याचा घोटा थांबला नाही. अजून ते आठवतं. वहीत त्या दिवशीची शिल्लक भरपूर दिसते.

मी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं. शेवटी स्प्लिंटचा खर्च कसा कसा येतो ते साध्या शब्दांत लिहून विचारलं की अट थोडी सैल कराल का. आठ दिवसांनी ते स्वतः आले. बराच वेळ अर्ज वाचत बसले. मग म्हणाले, "आई आमचे कपडे शिवताना आत जास्त कापड दुमडून ठेवायची. दर वर्षी उसवायची." आणि अटीवर काट मारून सही केली. सगळेच देणगीदार असे भेटत नाहीत. एकाने मला विचारलं होतं, दुरुस्तीसाठी पैसे दिले तर त्यावर नाव कुठे घालणार? प्रश्न त्यांच्या बाजूने बरोबरच होता. बेअरिंगवर नाव घालता येत नाही.

म्हणून स्मरणार्थ काही द्यायच्या विचारात असलेल्यांना माझं सांगणं आहे. वस्तूचं नाव घालून देणगी बांधून टाकू नका. निदान अर्धी रक्कम 'लागेल तशी' म्हणून मोकळी सोडा. ज्या निधीला देणार त्याला विचारा, की दिलेल्या वस्तूकडे सहा महिन्यांनी कोण जाऊन बघतं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पैसे लगेच देऊ नका. आणि आठवण जपायची असेल तर घरी जपा, पावतीवर लिहा, अहवालात छापा. मुलाच्या पाठीवर नको.

छायाचित्राबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आम्ही छायाचित्रं बंद केली तेव्हा देणग्या कमी झाल्या. दोन वर्षं बऱ्याच कमी. दाजींनी वैतागून विचारलं होतं, "तत्त्वं सांभाळायची की मुलं?" मला तेव्हा चटकन उत्तर सुचलं नाही. पुढे हळूहळू अशी माणसं येऊ लागली ज्यांच्या घरी असं मूल होतं किंवा आहे. त्यांना छायाचित्र लागत नाही. आजही आम्ही पूर्वीच्या आकड्याला पोचलेलो नाही. पण संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला, त्याच्या २२व्या कलमात खाजगीपणाचा हक्क लिहिलेला आहे, आणि त्यात वयाची अट नाही. सहा वर्षांचं मूल सव्वीस वर्षांचं होतं, नोकरीला जातं, लग्न ठरवतं. तेव्हा त्याने स्वतःचं नाव शोधलं तर आधी काय हाती लागावं, हे आपण अकरा जणांनी मिळून ठरवायचं का? त्याच करारातलं २०वं कलम सांगतं की परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता येणं ही सरकारांनी बघायची गोष्ट आहे. म्हणजे आमच्यासारखे निधी जे करतात ती भोकं बुजवण्याची कामं आहेत, साबणाने बुजवली होती तशी. भोकं फार आहेत. युनिसेफने २०२१ साली जगातल्या अपंग मुलांची संख्या जवळजवळ २४ कोटी सांगितली, म्हणजे साधारण दहात एक मूल. आणि २०२२च्या सहायक साधनांवरच्या जागतिक अहवालात असं आलं की श्रीमंत देशांत गरज असलेल्या ९० टक्के लोकांपर्यंत साधनं पोचतात, तर काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. चार माणसांच्या निधीने या आकड्यांपुढे छाती काढू नये. पट्टी शिवावी, बेअरिंग बदलावं.

शब्दांचंही एक आहे, पण थोडक्यात. 'विशेष मुलं' म्हटलेलं ताईला आवडत नसे. ती म्हणायची, विशेष काही नाही, आमच्याकडे फक्त यादी लांब आहे. अधिकच्या गरजा असलेली मुलं हा शब्दप्रयोग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण त्यात मुलाचं काही वर्णन नाही, आपल्याला किती काम आहे त्याचं आहे.

ती पितळी पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. पावत्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवतो. दोन्ही तारखा खाली तोंड करून.

आपल्याला विनंती एवढीच. ज्या वार्ताहराने ती बातमी दिली त्याला त्या मुलाचा पत्ता ठाऊक असेल. मला नको, निधीलाही नको. त्याने स्वतः, नाही तर त्या अकरा जणांपैकी कुणीतरी, एकदा परत जावं. छायाचित्रातली खुर्ची ज्या घडणीची दिसते तिचा फूटरेस्ट वरखाली करता येतो. फूटरेस्टच्या नळीला खालच्या बाजूने एक बोल्ट असतो, पान्याने तो सैल करायचा, नळी वर सरकवायची, मुलाचा तळवा सपाट टेकला आणि मांडी बैठकीला लागून राहिली की बोल्ट घट्ट आवळायचा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते बघायचं. बैठक खोल असेल तर ती या पान्याने कमी होणार नाही, त्यासाठी पाठीमागे घट्ट फोमचा आधार लागेल आणि तो थेरपिस्टला दाखवूनच घालावा. पण पायांचं काम दहा मिनिटांचं आहे. जाताना पाना बरोबर न्यायला सांगा, घरात असेलच असं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(नाव-पत्ता कार्यालयाकडे दिला आहे. छापू नये, आणि निधीचं नावही विचारू नये.)